शेततळ्यातल्या शिंपल्यांना नायलॉनच्या पिशवीऐवजी काय?

सिन्नरची_सून
मोत्यांसाठी शेततळ्यात गोड्या पाण्यातले शिंपले (लॅमेलिडेन्स) टांगलेत. भुवनेश्वरच्या सिफाची (गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संशोधन संस्था) पद्धत: नायलॉनच्या जाळीदार पिशवीत दोन-दोन, पिशव्या बांबूला, वर तरंगायला थर्माकोल. मोती व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर उन्हाने वरच्या गाठी पिचतात, धागे सुटतात, थर्माकोलचे दाणे काठाला गोळा होतात. हेच पाणी द्राक्षांच्या ठिबकला जातं, फिल्टर धुताना हिरवे धागे हाताला लागतात. एकजण मक्यापासून केलेली ‘कुजणारी’ पिशवी दाखवून गेला, भाव दुपटीच्या वर. सासरे म्हणतात सुतळीच्या विणून घे. पण द्राक्षाच्या काड्या बांधलेली सुतळी एका पावसाळ्यात हातात तुटते हो. कोणी काही वापरून पाहिलंय?

खाडीकाठचा
ताई, मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे शिणाण्यांचं (हिरवे शिंपले) बी, म्हणजे बारकी पिल्लं, दोरीभोवती सुती मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळून शिवतात. आठ-पंधरा दिवसांत कापड विरतं, तोवर शिणाण्यांनी आपले चिवट धागे काढून दोरी धरलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरला सोडलं की पावसाच्या आत काढणी. फ्रान्समध्ये तर बी धरायलाच काथ्याची दोरी लावतात. पण तुमचा लॅमेलिडेन्स चिखलात रुतणारा, मोठेपणी त्याला असले धागे नसतात. पिशवी कुजली की तो सरळ तळाला. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकणारं काहीतरी हवंच.

सातपूर_एमआयडीसी
मक्याची म्हणजे बहुतेक पीएलए, मक्याच्या पिष्टापासून केलेलं प्लास्टिक. ते भराभर कुजतं ते कारखान्यातल्या कंपोस्टमध्ये, ५५-६० अंशांना. तुमच्या तळ्याचं पाणी ऐन मे महिन्यातही तिथवर जात नाही, म्हणजे ती पिशवी नायलॉनसारखीच पडून राहणार, फक्त दुप्पट पैसे देऊन. विक्रेत्याला एवढंच विचारा: कुठे कुजते, किती तापमानाला, किती दिवसांत? आणि ‘ऑक्सो’ (उन्हा-हवेने तुकडे पडावेत म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक) शब्द दिसला तर माल परत करा. त्याचा नुसता चुरा होतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यावर बंदी घातली आहे.

सिन्नरची_सून
मग टांगायच्या दोऱ्या तरी काथ्याच्या करू का?

खाडीकाठचा
करा. काथ्यात लिग्निन भरपूर, सुतळीपेक्षा कितीतरी टिकतो. वापरण्याआधी बाहेर टाकीत भिजवून तपकिरी पाणी दोन-चारदा ओतून द्या, तो रंग तळ्यात नको. पाण्याच्या रेषेवर दोरी आधी सडते, तिथे अधूनमधून हात फिरवून बघत जा. सुतळीच्या पिशव्या मात्र नकोच. साचलेल्या पाण्यात एवढा ताग कुजायला लागला की जिवाणू ऑक्सिजन खातात, आणि गुदमरतात शिंपले. खाडीत भरती-ओहोटी असते म्हणून आम्हाला खपून जातं.

सातपूर_एमआयडीसी
आणि तळ्याला खाली अंथरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद? तो कुठे काथ्याचा आहे! :)

सिन्नरची_सून
तो बदलायची वेळ आली की तुम्हालाच बोलावते. सध्या आधी थर्माकोल काढते, त्याजागी झाकणबंद कॅन. पिशव्या नायलॉनच्याच ठेवते, पण जाड विणीच्या, मोती काढल्यावर धुऊन परत वापरायच्या. दोऱ्या काथ्याच्या. जुने कॅन नाशिकात कुठे मिळतील? औषधाचे-रसायनाचे नकोत, खाद्यतेलाचे हवेत.

सातपूर_एमआयडीसी
फरसाणवाल्यांकडे विचारा. घेताना झाकणाचं रबर तपासा.