नंदूकाकांचं फ्लोरिडाचं घर (फॅमिली ग्रुप)

स्वातीवहिनी: नंदूकाका, सोमवारी टोकन देताय असं माईंकडून कळलं. मोबाइल होम आहे, कारखान्यात बनवून पार्कात आणून ठेवलेलं, तर आधी पार्कचं प्रॉस्पेक्टस, म्हणजे भाड्याचं अन् नियमांचं माहितीपत्रक, मागून घ्या. घर आपलं, जागा त्यांची. लॉट रेंट, म्हणजे जागेचं भाडं, कसं वाढणार ते त्यातच असतं.

नंदूकाका: अगं घेतो. डबल-वाइड आहे, दोन भाग जोडलेलं, १९७४चं, पण किचन नवं केलंय.

श्री: काका, १९७४चं नको. १५ जून १९७६ पासून बनलेली घरंच हड कोडमध्ये, म्हणजे अशा घरांच्या सरकारी बांधणी-नियमांत, बसतात. त्याआधीच्याला कर्ज अन् विमा मिळता मिळत नाही. कोडमधल्या घराला बाहेरून मागच्या टोकाला लाल पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. डबल-वाइडला दोन हव्यात, टायटलं, म्हणजे मालकीची कागदपत्रं, तीही दोन.

माई: पत्र्याचं घर वादळात उडेल रे नंदू!

श्री: माई, पत्र्याचं नसतं गं. १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर १९९४ला नियम कडक झाले. त्यानंतरचं बघा. आतल्या डेटा प्लेटवर विंड झोन, म्हणजे घर किती वाऱ्यासाठी बनवलंय ते, लिहिलेलं असतं, फ्लोरिडात २ किंवा ३ पाहिजे.

सुधीर: दादा, एवढ्या पैशात कोथरूडला ये ना परत.

नंदूकाका: सुधीर, मेडिकेअर, इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. किती वेळा सांगू?

सुधीर: बरं. आम्ही बोलतच नाही.

स्वातीवहिनी: परत सांगते, प्रॉस्पेक्टस. भाडेवाढ ९० दिवस आधी लेखी कळवावी लागते, पण किती वाढवायची त्याला कायद्यात ठरावीक मर्यादा नाही.

नंदूकाका: फारच वाढलं तर घर उचलून दुसरीकडे नेऊ.

श्री: नाही जमत काका. मधून दोन भाग करायचे, परमिट, ट्रक, परत ब्लॉकवर बसवून लेव्हल करायचं. एवढं करून जुनं घर बहुतेक पार्क घेतच नाहीत. पार्कवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं.
आणि बघायला जाल तेव्हा घराखालची पोकळी झाकणाऱ्या स्कर्टिंगची एक फळी काढून आत टॉर्च मारा. जमिनीला बांधणारे पट्टे गंजलेत का, ढिले आहेत का. खालचं काळं आवरण फाटून इन्सुलेशन लोंबत असेल तर वर फरशीत ओल असणार, बाथरूमजवळ पाय दाबून बघा. करडे प्लॅस्टिकचे पाईप असले तर ते पॉलिब्युटिलीन, सांध्यात फुटतात, सगळे बदलावे लागतील. दारं अडकत असली तर ब्लॉक खचलेत.

माई: पार्क ५५च्या वरच्यांचं ना? नंदाला ५१च आहे, तिला राहू देतील ना?

श्री: हो माई. ८० टक्के घरांत एक जण ५५ वर्षांचा असला की कायद्याला पुरे, काका आहेतच. पण काकांमागे काकूंना राहता येईल का, हे पार्कच्या नियमांत बघून घ्या.

माई: भरल्या संध्याकाळी काय बोलतोस रे!

स्वातीवहिनी: माई, बरोबर बोलतोय तो. तेही प्रॉस्पेक्टसमध्येच सापडेल.

नंदूकाका: १९७४चं सोडलं. त्याच पार्कात १९९८चं एक आहे. स्वाती, प्रॉस्पेक्टस मागवलंय, आलं की पाठवतो.

स्वातीवहिनी: पाठवा. भाडेवाढीचं पान मी आधी वाचते.