सायंटिस्टने लोकांशी बोलण्यात वेळ घालवावा का?

प्रश्न (पेट्रीडिश): पीएचडीचं चौथं वर्ष, विषय अँटिबायोटिक रेझिस्टन्स, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद न देणं. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बोलतो. गाईडचं म्हणणं 'हे उद्योग म्हातारपणी कर, आधी पेपर काढ'. मागच्या वेळी मी सवयीने बोलून गेलो की बॅक्टेरियांना औषधाची सवय होते, तर सातवीतली एक मुलगी उठली, 'मग आपल्याला पण विषाची सवय लावता येईल का?' मी फळ्याकडे तोंड करून उगाच खडू शोधत राहिलो. खरंच वेळ वाया चाललाय का माझा?

निवांत: अरे ती मुलगी म्हणजे फुकटचा रेफरी, पेपरातल्या चुका काढणारा! सवय कुठल्याच बॅक्टेरियाला होत नसते, लाखोंत एखाद्याच्या जीनमध्ये आधीच बदल झालेला असतो किंवा शेजाऱ्याकडून तो जीन मिळालेला असतो, औषधाने बाकीचे मरतात आणि हा वाचलेला एकटा मोकळ्या मैदानात वाढत सुटतो. पुढच्या वेळी हेच सांग, आणि मागच्या वेळी चुकलो होतो हेही सांग.

जुनाखोड: गाईड अगदीच चूक नाहीये हां. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचे शेकडो रिसर्च पेपर होते, १९८० ची 'कॉसमॉस' ही त्यांची टीव्ही मालिका तर जगभर गाजली, तरी १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना मेंबर करून घेतलं नाही. गंमत म्हणजे १९९४ ला त्याच अकॅडमीने त्यांना पब्लिक वेल्फेअर मेडल दिलं. तू आधी थिसिस सबमिट कर बाबा.

कंदील: फॅरेडे बघा की. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठीची ख्रिसमस लेक्चर्स १८२५ ला सुरू झाली, त्यातल्या तब्बल १९ मालिका त्यांनी स्वतः दिल्या. एका मेणबत्तीवर सहा लेक्चर्स! आणि म्हणून त्यांचं संशोधन कुठे अडलं? आपले नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल.

जुनाखोड: फॅरेडेंना थिसिस नव्हता लिहायचा 😄

पेट्रीडिश: 😂 पटलं, दोन्ही बाजूंनी. सबमिशनपर्यंत दोन महिन्यांतून एकदाच जाईन. पण त्या शाळेत आधी जायचंय, 'सवय' शब्द फळ्यावर लिहून खोडायचाय.