यारुझेल्स्की 'लष्करशहा' होता का?

प्रश्न : पोलंडच्या जनरल वोइचेख यारुझेल्स्कीवर लिहिते आहे. त्याला 'लष्करशहा' म्हणावं का? आणि १९८१ साली त्याने जे लादलं, त्याला 'आणीबाणी' म्हटलेलं चालेल?

— 'लष्करशहा' मला खटकतो. हा शब्द वाचला की मराठी माणसाला झिया-उल-हक आठवतो : निवडून आलेलं सरकार उलथून सत्तेवर बसलेला सेनापती. यारुझेल्स्की १९६८ पासून संरक्षणमंत्री होता. फेब्रुवारी १९८१ मध्ये पंतप्रधान झाला, ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाचा प्रथम सचिव. १३ डिसेंबरला रणगाडे रस्त्यावर उतरले, तेव्हा उलथायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी 'लष्करी पेशाचा पक्षनेता' म्हणेन.

'आणीबाणी' तर नकोच. आपल्याकडची १९७५ ची आणीबाणी पोलीस आणि नोकरशाहीने राबवली. पोलंडमध्ये टेलिफोन मुके झाले, दूरचित्रवाणीवर निवेदक लष्करी गणवेशात बातम्या सांगू लागले, कारखान्यांवर लष्करी अधिकारी नेमले गेले. वुयेक खाणीत संपावरच्या ९ कामगारांना गोळ्या घालून मारलं. मूळ पोलिश संज्ञा 'स्तान वोयेन्नी', म्हणजे 'युद्धस्थिती'. तेव्हाच्या राज्यघटनेत अंतर्गत आणीबाणीची वेगळी तरतूदच नव्हती, म्हणून 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेविरुद्ध कागदोपत्री युद्धस्थिती पुकारली गेली. 'लष्करी कायदा' रुळलेला आहे, तो वापरा; पण 'युद्धस्थिती' एकदा तरी लेखात येऊ द्या.

त्याच्या तरुणपणावरही लिहाच. १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्याच्या कुटुंबाला सायबेरियात हद्दपार केलं. वडील तिथेच वारले. बर्फावरच्या चकाकीने डोळे अधू झाले, तो काळा चष्मा त्यापायीच. अशाच हद्दपारीतून सुटलेली हजारो पोलिश माणसं पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आली; हा मात्र १९४३ मध्ये सोव्हिएत छत्राखाली उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्यात भरती झाला.

— 'आणीबाणी'बद्दल सहमत, 'लष्करशहा'बद्दल नाही. रणगाडे उतरले त्या रात्री स्थापन झालेल्या 'राष्ट्ररक्षण लष्करी परिषदे'त सगळे लष्करी अधिकारीच होते, अगदी पोलंडचा पहिला अंतराळवीर हेर्माशेव्स्कीसुद्धा. अध्यक्ष यारुझेल्स्की. पक्षाचं नाव त्या परिषदेच्या पाटीवर कुठेच नव्हतं. जुलै १९८३ मध्ये लष्करी कायदा उठला आणि परिषदही विसर्जित झाली. तेवढ्या काळापुरता 'लष्करशहा' बिनदिक्कत लिहावा. १९८९ च्या यारुझेल्स्कीला मात्र तो लावू नये. तेव्हा त्याच्याच राजवटीने विरोधकांशी गोलमेज वाटाघाटी केल्या, संसदेने त्याला जेमतेम बहुमताने राष्ट्राध्यक्ष निवडलं आणि डिसेंबर १९९० मध्ये 'सॉलिडॅरिटी'चा नेता वालेन्सा निवडून आल्यावर त्याने पद सोडलं.