शब्दचर्चा: ‘प्रतिकारशक्ती’ला दुसरा शब्द आहे का?

वेंगुर्लेकरीण
आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावायला एक पत्रक लिहिते आहे. करोनाचा संसर्ग, लस आणि त्यानंतर शरीरात काय उरतं, याबद्दल गेल्या काही वर्षांत संशोधकांना जे कळलं ते दोन पानांत, गावातल्या माणसाला वाचता येईल असं. विषय डोक्यात बसलाय, पण शब्दांवर अडलंय आणि तेही पहिल्याच. ‘इम्युनिटी’ला सवयीने ‘प्रतिकारशक्ती’ लिहिलं आणि शेजारच्या आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, “शक्ती काय, काढ्यान वाढता. बादलीभर काढो पियालंय, तरी धरल्यानच माका.”

आबांचं काय चुकलं? शक्ती म्हटली की ती दूधतुपाने वाढायची, उपासाने घटायची. मला सांगायचंय ते वेगळंच. शरीर एकेका रोगजंतूला ओळखायला शिकतं आणि ती ओळख जपून ठेवतं. गोवराची ओळख कांजिण्यांच्या वेळी कामाला येत नाही. गोवर कधी न आलेल्या, लस न घेतलेल्या पैलवानाला तो होतो, आणि लहानपणी येऊन गेलेल्या काटकुळ्या म्हातारीला सहसा पुन्हा होत नाही. हे ‘शक्ती’त कसं बसवू?

परीटघडी
‘रोगप्रतिकारक्षमता’ असा शब्द जाड पुस्तकांत भेटतो. क्षमता शक्तीपेक्षा बरी, एवढंच. कायद्याच्या मराठीत ‘उन्मुक्ती’ आहे, तो तर फलकापाशी थांबलेल्या माणसाला पळवून लावेल. मूळ लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे ज्याला कर, वेठ, सरकारी चाकरी माफ आहे असा माणूस. हा अर्थ आधीचा. रोगाच्या संदर्भात तो शब्द रुळला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

खोताचा पणतू
म्हणजे इनाम की हो! सारामाफी! १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तरी आमच्या माळ्यावर कागदांची पेटी अजून आहे. पण एक सांगतो, माफी नुसत्या तोंडी चालत नसे. सनद लागायची, आणि ती वेळेला दप्तरात सापडायला लागायची. अंगात रग किती याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वेंगुर्लेकरीण
काका, ‘माफी’ नाही, पण ‘दप्तर’ मी उचललं. शरीर रोगजंतूंची ओळख नोंदवून ठेवतं, ते त्याचं दप्तर.

लोक अजून रक्त तपासून येतात आणि म्हणतात, “अँटिबॉडी उतरल्या, आता काही उरलं नाही.” अँटिबॉडी उतरायच्याच. त्या म्हणजे जंतूला अडवणारी रक्तातली द्रव्यं, नाक्यावर उभ्या केलेल्या पहाऱ्यासारखी. संकट टळलं की पहारा विरळ होतो. २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सौम्य करोना होऊन गेलेल्यांच्या अस्थिमज्जेत अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी कित्येक महिन्यांनंतरही सापडल्या. शिवाय जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी असतात, लागण झालेल्या पेशी हेरून मारणाऱ्या ‘टी’ पेशी असतात. पहारा उठला, दप्तर जागेवर आहे.

अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’ लिहिणार होते. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, “पितृपक्षातलं काय गं?” तेव्हा ‘प्रतिद्रव्य’ केलं.

सुईवाली
मी आरोग्यसेविका होते, निवृत्त झाले. ‘लस’ या शब्दाबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण लोक तो रोज वापरतात आणि विसरलेत.

जखम चिघळली की तिच्यातून पाणी झरतं, त्याला आपण लसच म्हणतो. देवीची लस पूर्वी बाटलीतून यायची नाही, एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातलं ते पाणी दुसऱ्याच्या दंडात टोचत. मुंबईत १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या एका मुलीला भारतातली पहिली लस टोचली, ती बगदाद-बसरा अशी दंडादंडावरून आली होती. इंग्रजी शब्दात गाय आहे, ‘व्हॅक्सिन’ लॅटिन ‘वाका’वरून, कारण इंग्लंडमधल्या डॉक्टर जेनरने १७९६ मध्ये गोस्तन देवीचा, म्हणजे गाईच्या सडांवर येणाऱ्या देवीचा, फोड वापरला. आपल्या शब्दात ते झरणारं पाणी आहे. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो.

माझी आजी ‘लस घेतली’ म्हणायची नाही, ‘देवी काढल्या’ म्हणायची. देवी आत घालायच्या आणि म्हणायचं काढल्या! लहानपणी हसायचे. मग लक्षात आलं की दंडावर फोड मुद्दाम उठवायचा, बाहेर काढायचा, म्हणून काढल्या.

दुसरी गोष्ट ‘कवच’. वर्तमानपत्रांनी ‘लशीचे कवच’ लिहून लिहून आमचा जीव खाल्ला. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली. वर्षभराने ओमायक्रॉन आला आणि केंद्रावर रोज एकच प्रश्न, “कवच होतां मां, मगे माका झालोच कसो?” कवच म्हटलं की बाण आत शिरता कामा नये. लस तसं कुठे सांगत होती? तिचं खरं काम आजार छातीत उतरू न देण्याचं.

परीटघडी
ताई, ‘लशीचे’ बरोबर लिहिलंत, अभिनंदन. म्हैस-म्हशीचा, घूस-घुशीचा, तशी लस-लशीचा. मात्र ‘लशीकरण’ लिहू नका. तिथला ‘सी’ सामान्यरूपाचा नाही. ‘शुद्धीकरण’मध्ये शुद्धचा शुद्धी होतो तसा ‘करण’ लागताना आलेला ईकार आहे. म्हणून लशीचा, पण लसीकरण.

बंदरावरचा
‘लसीचा’ म्हटलं तर लागू पडणार नाही काय?

परीटघडी
लागू पडेल. डोळ्यांना खुपेल.

चाकरमानी
२०२० च्या गणपतीला मुंबईहून आलो, गावच्या शाळेत दहा दिवस काढले. दारावर ‘विलगीकरण कक्ष’ लिहिलेलं, ग्रामपंचायतीच्या कागदावर ‘अलगीकरण’. नियमाप्रमाणे आजाऱ्याला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण आणि नुसता संशय असलेल्याला ठेवणं म्हणजे अलगीकरण. आम्हाला दोन्ही एकच, बाकावर झोपणं.

पण खरा घोळ ‘बाधित’ शब्दाने केला. रोज आकडा यायचा, ‘आज इतके बाधित’. आमच्या आजीला बाधा एकच ठाऊक, बाहेरची. तिने नारळ काढून ठेवला आणि गुरवाला निरोप धाडला गाऱ्हाणं घालायला. सरकारी शब्द निवडणाऱ्याने कोकणात चार दिवस राहायला हवं होतं.

परीटघडी
‘लागण’ हा चांगला शब्द होता. कुणी टाकून दिला कोण जाणे. त्याहून वाईट ‘संक्रमण’. मराठीत संक्रमण सूर्याचं होतं, संक्रांतीला. रोगाचा संसर्ग होतो. हिंदी बातम्यांतून हे शिरलं. आणि एप्रिल २०२१ मधला ‘टीका उत्सव’ आठवतो ना? ११ ते १४ तारखेपर्यंत. हिंदीत टीका म्हणजे लस. आपल्याकडे तो उत्सव बाराही महिने चालू असतो.

सुईवाली
‘मात्रा’ राहिली. जानेवारी २०२२ मध्ये साठीच्या पुढच्या, इतर व्याधी असलेल्या लोकांना तिसरा डोस सुरू झाला, नाव ‘प्रिकॉशन डोस’, मराठीत कुठे ‘दक्षता मात्रा’, कुठे ‘खबरदारीची मात्रा’. एका आजोबांना फोनवर म्हटलं, “मात्रा घ्यायला या.” पलीकडे एकदम शांत. त्यांच्या डोळ्यांपुढे हेमगर्भाची मात्रा, जी शेवटच्या घटकेला उगाळतात! त्या दिवसापासून मी ‘डोस’च म्हटलं. दोडामार्गकडे गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाची लस दिली तेव्हाही काजूच्या बागांत जाणारी माणसं ‘डोस’, ‘बूस्टर’ असंच म्हणायची. कुणाचं काही अडलं नाही.

भूगोलाचा मास्तर
अवांतर आहे, पण राहवत नाही. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या प्रकारांना ग्रीक अक्षरं दिली. जूनमध्ये राज्यात ‘डेल्टा प्लस’चे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांतले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले. वर्गात मी आयुष्यभर शिकवलं की कोकणातल्या नद्या खाडी करतात, डेल्टा करत नाहीत. एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला, “सर, इलो बघा डेल्टा. प्लस धरून.”

वेंगुर्लेकरीण
मास्तर!

बरं, पुढचा अडथळा. ‘हायब्रिड इम्युनिटी’. लसही घेतली आणि आजारही होऊन गेला, अशा माणसाच्या अंगात तयार होते ती. आपल्यातले बहुतेक जण आता त्यातच मोडतात, म्हणून शब्द नीट हवा. जानेवारी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांवरच्या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. नुसता आजार होऊन गेलेल्यांना वर्षभरानंतर गंभीर दुखण्यापासून सुमारे ७५ टक्के संरक्षण उरलं होतं, दोन्ही झालेल्यांना ९७ टक्क्यांच्या वर. पुन्हा लागण होण्यापासून मात्र अनुक्रमे सुमारे २५ आणि ४२ टक्केच. सुईताईंचं ‘कवच’ इथेच फुटतं.

तर, ‘संकरित प्रतिकार’?

माडाखाली
संकरित म्हटलं की आमच्याकडे भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातलं रोप. उंच आणि ठेंगू जातीचा संकर. नको. ‘कलमी’ म्हणा.

खोताचा पणतू
कलमात खाली रायवळ राहतो आणि वर हापूस. दोघं एका झाडावर असून शेवटपर्यंत वेगळे. तसं आहे का तुमच्या प्रकरणात?

वेंगुर्लेकरीण
नाही. लशीने नोंद केलेल्या त्याच दप्तरात आजार पुढची पानं लिहितो. किंवा आधी आजार, मग लस. दोन्ही एकमेकांत गुंततात.

बंदरावरचा
मग दुपेडी. काथ्याचा एक पेड हाताने तुटतो. दोन पेड वळून सुंभ केला की त्याला होडी बांधतात.

वेंगुर्लेकरीण
दुपेडी! घेतला. वा, दादा.

आता शेवटचे दोन. पहिला फार विचित्र आहे. १९६० मध्ये थॉमस फ्रान्सिस यांनी फ्लूबद्दल जे मांडलं, त्याला इंग्रजीत चक्क ‘आदिपाप’ जोडलेलं नाव आहे. अर्थ असा की विषाणूचा जो प्रकार पहिल्यांदा अंगात येतो, त्याच्याच धाटणीचा प्रतिसाद शरीर पुढेही देत राहतं, विषाणू बदलला तरी. करोनात हेच थोडं दिसलं. २०२२ च्या बूस्टरमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही प्रकार होते, पण शरीराचा ओढा जुन्याकडेच राहिला. २०२३ मध्ये जुना भाग वगळून एक्सबीबी या ओमायक्रॉनच्या नव्या उपप्रकारावरची लस केली, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडे पाप म्हटलं की लोक लगेच विचारणार कोणी केलं.

चाकरमानी
साचा. गणपतीच्या शाळेत जा. माती नवी आणली तरी साचा गेल्या वर्षीचा, मग सोंड गेल्या वर्षीसारखीच वळणार. नंतर हाताने कोरून थोडीफार बदलता येते, तेवढीच.

परीटघडी
‘पहिला साचा’ चालेल. ‘ठसा’ही चालला असता, पण ठशात ती सोंड दिसत नाही. मान्य.

वेंगुर्लेकरीण
आणि लाँग कोविड? जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची व्याख्या अशी: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कशानेही उलगडा न होणारी लक्षणं. दम, थकवा, डोक्यात धुकं साचल्यासारखं.

सुईवाली
याला शब्द शोधायला कशाला हवा? ‘कसर’. “ताप गेलो, पण कसर रवली हा.” माझ्या आईच्या तोंडचं वाक्य. कसर म्हणजे अंगातली बारीक कणकण, आणि कसर म्हणजे हिशोबात राहिलेली बाकीही. एकाच शब्दात दोन्ही बसतं. ‘दीर्घ कोविड’ म्हणताना तर जीभच अडखळते.

परीटघडी
‘करोनाची कसर’. मी हरलो.

वेंगुर्लेकरीण
पत्रक लागलं. ‘प्रतिकारशक्ती’ पूर्ण काढता आली नाही. लोकांना तोच शब्द माहीत, म्हणून वर मथळ्यात ठेवला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, “ही शक्ती नव्हे, शरीराचं दप्तर आहे.” आबा चष्मा लावून दोन्ही पानं उभ्याने वाचत होते. मग मला हाक मारून विचारलं, “ता दप्तर वाळवी खाता काय गो?” मला उत्तर देता आलं नाही. ताई, खातं का?

सुईवाली
खाते. गोवर हीच ती वाळवी. २०१९ च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास आहे. गोवर होऊन गेल्यावर त्यांच्या रक्तातल्या, आधी जमवलेल्या इतर रोगांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. गोवराची स्वतःची नोंद तेवढी नवी लिहिलेली, बाकीची पानं कुरतडलेली. गोवराच्या लशीने असं होत नाही. याला इंग्रजीत ‘स्मृतिभ्रंश’ जोडलेला शब्द आहे, पण तुम्ही आबांचाच लिहा. खाली जागा उरली असेल तर.