मदत हवी आहे: मुलांची लायब्ररी आणि गोष्ट सांगणं यावर पीएचडी नक्की कुठल्या विभागात करायची?

नमस्कार मंडळी,
माझं एम.लिब. झालंय, लायब्ररी सायन्सची नेट पण निघालीये आणि सध्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल आहे, दर शनिवारी लहान वर्गांचा गोष्टीचा तास घेते. पुढे यातच पीएचडी करून कॉलेजात शिकवायचंय.

विषय तासातूनच सुचला. गोष्ट ऐन मोक्याला सोडली की ते पुस्तक घरी न्यायला अक्षरशः भांडणं होतात, पण पूर्ण सांगितली की दुसरीतली पोरं तेच पुस्तक परत परत मागतात आणि चौथीतली ढुंकून बघत नाहीत. हे असं का होतं ते इश्यू रजिस्टर समोर ठेवून नीट अभ्यासायचंय.

आता घोळ असा की लायब्ररी सायन्सचे एक सर म्हणाले हे एज्युकेशनचं काम, तू बिब्लिओमेट्रिक्स (म्हणजे प्रकाशनांची, संदर्भांची आकडेवारी) घे, लवकर मोकळी होशील. एज्युकेशनवाले म्हणतात एम.एड. कुठाय? मराठी विभागात म्हणे लोककथा असतील तर बघू. बरं, डीडीसीत (पुस्तकं विषयवार लावायची ड्युई दशांश पद्धत) तरी कुठे एका जागी आहे, मुलांची लायब्ररी ०२७.६२५, गोष्ट सांगणं ८०८.५४३ आणि तेच प्राथमिक शाळेत असेल तर ३७२.६७७! म्हणजे ड्युईसाहेबांनीच आम्हाला तीन कपाटांत वाटून टाकलंय.

बाहेर बघितलं की जीव जळतो. इलिनॉयला अर्बाना-शॅम्पेनच्या लायब्ररी स्कूलमध्ये स्टोरीटेलिंग हा रीतसर विषय आहे, म्युनिकची इंटरनॅशनल युथ लायब्ररी (१९४९ ची!) बालसाहित्याच्या संशोधकांना फेलोशिप देते. पण लेक पाचवीत आहे, घर सोडून इतक्यात तरी जमणार नाही. आणि प्लीज टाटा ट्रस्टच्या 'पराग'चा लायब्ररी एज्युकेटर कोर्स सुचवू नका, तो करायचाच आहे पण त्याने पीएचडीचा प्रश्न सुटत नाही.

तर लायब्ररी सायन्समध्येच राहून एज्युकेशनचे को-गाइड कोणी घेतलेत का? विद्यापीठ चालू देतं का? आरआरसीसमोर (पीएचडीचा विषय मंजूर करणारी विद्यापीठाची समिती) शीर्षकात 'गोष्ट' शब्द ठेवावा की सरळ 'बालवाचकांचा वापरकर्ता अभ्यास' म्हणून दामटावं? प्रबंध मराठीत लिहिलेला चालतो का, कारण पोरं जे बोलतात ते इंग्रजीत आणलं तर त्यात काही राहतच नाही. आणि मुख्य म्हणजे हा विषय घेऊन पुढे असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीला गेलेलं कोणी आहे का इथे, पॅनलने काय विचारलं?

पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस द्यायचाय, त्यामुळे जरा लवकर सांगा. गाइडची नावं इथे उघड नकोत, व्यनि (खाजगी निरोप) करा.