टागालोगमधला ‘सिया’: तो की ती?

निशिगंध_७: मंडळी, टागालोग या फिलिपिन्समधल्या भाषेतल्या एका कथेचं मराठी करतोय. फिलिपिनो मित्र अर्थ सांगतो, मी लिहितो. गाडी अडलीय ‘सिया’पाशी. तो आणि ती, दोघांनाही हाच शब्द. क्रियापदालाही लिंग नाही. दारात आलेला पाहुणा बाई की पुरुष, हे लेखिकेने शेवटपर्यंत राखून ठेवलंय. मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ लिहिलं की पहिल्याच ओळीत बिंग फुटतं.

कोकणी_मेवा: आदरार्थी घ्या. ‘त्यांनी दार वाजवलं. त्यांना पाणी हवं होतं.’ कुठे कळतंय?

निशिगंध_७: दोन वाक्यं निभतं हो. ‘निघाले’ की ‘निघाल्या’ आलं की संपलं. शिवाय वय जेमतेम वीस, त्याला अहोजाहो?

बोरूबहाद्दर: ‘ती व्यक्ती’ लिहा.

कोकणी_मेवा: अख्खी कथा? पंचनामा वाटेल.

दोहाकर: माझ्यासोबत बरेच फिलिपिनो आहेत. इंग्रजी बोलताना बायकोलाही ‘ही’ म्हणून जातात, ते या ‘सिया’मुळेच.

कोकणी_मेवा: आपल्याकडे बायकोला ‘ही’च म्हणतात, बिघडलं कुठे!

दोहाकर: 😄 पण खरी गंमत ‘कामी’ आणि ‘तायो’ची. ‘कुमाईन ना कामी’ म्हणजे आमचं जेवण झालं, तू त्यात नाहीस. ‘काईन ना तायो’ म्हणजे चल, जेवूया. थेट आपलं आम्ही-आपण.

वसईवाला: प्रार्थनेतही तसंच. त्यांचं ‘आमा नामिन’, आपलं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. ‘आपल्या पित्या’ म्हटलं तर देव स्वतःचाच बाप व्हायचा.

भाषाभुंगा: ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’वरून, प्राकृत ‘अप्पण’मार्गे. आम्ही-आपण हा भेद मात्र द्राविडी शेजाराचा. तेलुगूत पाहा, मनम म्हणजे आपण आणि मेमु म्हणजे आम्ही.

बोरूबहाद्दर: आलं द्राविडी! गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे. तिथे कुठला तेलुगू शेजारी? आणि हल्ली बँकेत ‘आपण फॉर्म भरलात का’ म्हणतात, ती शुद्ध हिंदीची नक्कल. समोरच्याला मराठीत ‘तुम्ही’.

कोकणी_मेवा: माझे आजोबा हेडमास्तरांना ‘आपण’च म्हणायचे. हिंदीचा गंध नव्हता त्यांना.

दोहाकर: आणि लालबागेत ‘आपण नाय घाबरत कोणाला’ म्हणजे एकटा मी. त्याचं काय?

बोरूबहाद्दर: ती मराठी नव्हे.

दोहाकर: हे लालबागेत येऊन सांगा.

निशिगंध_७: ‘सिया’चं कोणी बघतंय का?

भाषाभुंगा: थांबा हो, गुजरातीचं आधी सांगतो...