नुसत्या मुलाखती घ्यायच्या तरी एथिक्स कमिटी लागते का??

चौथी_सीट
नमस्कार मंडळी, जाम टेन्शनमध्ये आहे. एमए सोशल वर्क, शेवटचं वर्ष. डिझर्टेशनचा विषय घरकामाला जाणाऱ्या बायकांची पाठदुखी, गुडघेदुखी. गोवंडीत ओळखीच्या एक मावशी आहेत, त्यांच्यामुळे सहा जणींशी बोलून पण झालं, फोनमध्ये रेकॉर्डिंग आहे, आणि आता गाईड मॅडम विचारतायत की एथिक्सचं अप्रूवल (अभ्यासात कुणाला त्रास किंवा फसवणूक होत नाही ना हे बघणाऱ्या कमिटीची मंजुरी) कुठाय, ते नसताना फील्डवर गेलीसच कशी. अहो पण मी ना कुणाचं रक्त घेतलं ना गोळ्या दिल्या, चहा पीत गप्पा मारल्या फक्त! कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आणि सबमिशन तोंडावर. त्या सहा मुलाखती वाया जाणार का? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज

गिरगावचा_बाळ्या
एवढं काय त्यात. अप्रूवल आलं की मुलाखतींवर नंतरची तारीख टाक, विषय संपला. सगळे तेच करतात

कोरम_पूर्ण
बाळ्याचं अजिबात ऐकू नकोस गं. मी रिटायर्ड बँकवाला, चार वर्षं एका कॉलेजच्या कमिटीत 'सामान्य माणूस' म्हणून बसतो, म्हणजे तसं पदच असतं, चेष्टा नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ना, त्यात आरोग्याचा माणसांवरचा अभ्यास म्हणजे फक्त औषधं-इंजेक्शनं नाहीत, सामाजिक अंगाने केलेला पण येतो, आणि पाठदुखी म्हणजे आरोग्यच झालं. कमिटीची मंजुरी आधी, काम नंतर. मागाहून शिक्का मारून मिळत नाही. त्यामुळे त्या सहा मुलाखती डेटा म्हणून गेल्यात जमा.

पण घाबरू नकोस. कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना सरळ पत्र लिही की अशी चूक झाली, रेकॉर्डिंगचं काय करू तेही त्यांनाच विचार, आणि धोका किरकोळ आहे म्हणून एक्स्पिडायटेड रिव्ह्यू, म्हणजे झटपट तपासणी, मिळेल का विचार, त्यात अख्खी कमिटी भरवावी लागत नाही. मीटिंग लांबते त्याला कारण आहे, किमान सात जण लागतात, निम्मे तरी बाहेरचे, अध्यक्ष पण बाहेरचा, आणि कोरम पाचचा. आमच्याकडे वकीलसाहेब आले तर डॉक्टरबाई नसतात, मग सामोसे खाऊन घरी.

आणि 'गप्पाच मारल्या' म्हणतेस म्हणून सांगतो. १९७६ ते १९८८ दिल्लीत हजाराहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला, गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीचे बदल दिसत होते आणि ते पुढे कसे वाढतात हे उपचार न करता नुसतं बघत राहिले. काहींना कॅन्सर झाला. लेखी संमती नव्हती. अभ्यास कुणाचा, तर आयसीएमआरचाच, आणि त्यांची स्वतःची पहिली नियमावली १९८०ची!! तेव्हा कागद मागतो म्हणून आमच्यावर चिडू नका.

गोवंडीची_पोर
माझी आई याच कामाला जाते म्हणून लिहिते. आमच्याकडे पण एक कॉलेजवाली ताई आली होती, कॉलेजचं नाव सांगत नाही. तिने फॉर्म काढला, "सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास अनुमती दर्शवीत आहे" वगैरे, आईने माझ्याकडे बघितलं, मला दहावी होऊन पण नीट कळेना. सही म्हटल्यावर शेजारची काकू दारातूनच ओरडली, अगं देऊ नको, बिल्डरची माणसं असतील, एसआरएची, झोपडपट्टी पाडून बिल्डिंग बांधायची, संमती घेतात अशीच. आमच्या इथे सही म्हणजे घर जाणार एवढंच डोक्यात येतं. शेवटी ताईला वाईट वाटेल म्हणून आईने अंगठा दिला, सही येत असून! सासू पण तिथेच बसलेली दहा बाय दहाच्या खोलीत, आई काय खरं बोलणार होती.

मग तो रिपोर्ट कुठून तरी आमच्या संस्थेच्या मॅडमकडे आला. नाव बदललेलं होतं पण लिहिलं होतं, नळाजवळच्या गल्लीतली, मोठी मुलगी नर्सिंगला, टॉवरमध्ये तीन घरची पोळ्या-भाजी. सांगा आता, आमच्या गल्लीत असं दुसरं कोण आहे? वर पगाराचं आणि आई जिच्याकडे कामाला जाते त्या मॅडमच्या घरातल्या भांडणाचं पण. आईचं काम गेलं नाही पण महिनाभर झोप गेली.

त्यामुळे ताई, परत जाशील तेव्हा फॉर्म बोली भाषेत लिही, मावशींना आधी वाचून दाखव, त्यांना अडलं तिथे बदल. नको म्हणायची मुभा आहे हे पहिल्या ओळीत टाक, आणि दुपारी तीननंतर जा, दोन कामांच्या मध्ये.

कोरम_पूर्ण
हे आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवू का? आणि हो, सही नकोच वाटत असेल तर तोंडी संमती साक्षीदारासमोर घेता येते, फक्त ते प्रपोजलमध्येच मागायचं आणि कमिटीने हो म्हणायला हवं. कामाचा वेळ मोडतो त्याचे पैसे देता येतात, पण तेवढ्यासाठीच हो म्हणतील इतके नाही.

चौथी_सीट
थँक्यू काका, आणि गोवंडीच्या ताई तुम्हाला पण. काल रात्री रेकॉर्डिंग परत ऐकलं. दुसऱ्या मुलाखतीत ताई मालकिणीचं नाव, बिल्डिंग, मजला सगळं सांगतात आणि मग म्हणतात "हे लिहू नको हां", आणि मी हसत हसत "नाही हो" म्हणतेय. ट्रान्सक्रिप्टमध्ये ते सगळं आहे, मीच टाइप केलंय, आणि गेल्या आठवड्यात गाईड मॅडमना मेल पण केलंय. आता त्यांना ते डिलीट करा म्हणून कसं सांगू?